दीड फूट पाणी

१

तळ्यासाठी मी किती पैसे मंजूर केले होते ते सांगत नाही. ऐकून लोक हसतील.

एका मोठ्या इस्पितळाच्या खरेदी विभागात मी तीस वर्षं काढली. समोर आलेल्या अंदाजपत्रकातल्या निम्म्या ओळी लाल रेघेनं उडवायच्या, हे माझं काम. ते मी इतकं चोख केलं की सवय घरीही आली. नवरा नाटकांचं नेपथ्य करायचा. म्हणजे त्याचा धंदा कापडी भिंतींचा आणि कुठेच न जाणाऱ्या दारांचा, आणि माझा 'नको' म्हणण्याचा. सव्वीस वर्षं आमचं असंच चाललं होतं. बरं चाललं होतं, असं मी धरून होते.

त्याचं नाट्यगृह बंद पडलं तेव्हा तो चार महिने नुसता बसून होता. पेपर वाचायचा, घडी घालायचा, पुन्हा उघडायचा. मग एका सकाळी म्हणाला, "मागच्या अंगणात एक तळं करूया. छोटंसं. शोभेचं."

"डास होतील."

"मासे सोडू. ते डासांची अंडी खातात."

"मासे मरतील."

"मग नुसतं तळं राहील," तो म्हणाला, आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा हसला.

मी 'हो' म्हटलं नाही. "स्वस्तात होत असेल तर बघ," एवढंच म्हटलं. माझ्या तोंडून यापेक्षा गोड काही निघत नाही, हे त्याला माहीत होतं.

त्यानं आधी फावडं घेतलं नाही. अडगळीतून जुन्या कपाटाचं आरशाचं दार काढलं आणि गवतावर उताणं टाकलं. पलीकडे एक बुटकं स्टूल ठेवून त्यावर बसला. मग आरसा हातभर सरकवला, पुन्हा बसला. पाण्यात काय दिसणार हे खणायच्या आधीच कळतं म्हणे. आठ दिवस हा खेळ चालला. शेजारीपाजारी कुंपणावरून डोकावून जात होते आणि मी लाजेनं आत पळत होते.

शेवटी त्यानं खुंट्या ठोकल्या त्या अशा जागी, की आरशात आमची स्वयंपाकघराची खिडकी बरोबर मधोमध यावी.

"एवढं आभाळ सोडून माझं सिंक कशाला?" मी विचारलं.

"तिथं तू असतेस," तो म्हणाला.

मला बरं वाटलं. उगाच खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. भांडी घासताना मी ते वाक्य आठवडाभर मनात घोळवत होते. आता ते आठवलं की हातातलं भांडं फेकून मारावंसं वाटतं.

२

खड्डा त्यानं एकट्यानं खणला. दीड फुटाखाली कडक मुरूम लागला. पुढं खणायचं तर मशीन आणावं लागलं असतं, आणि ती ओळ मी कधीच उडवली होती.

"दीड फूट पुरे," तो म्हणाला. "तळ काळा केला की तो दिसतच नाही. बघणाऱ्याला दीड फूट काय आणि दीडशे फूट काय."

तळाला जुन्या सतरंजीचे तुकडे अंथरले, म्हणजे खडे टोचणार नाहीत. त्यावर काळं रबरी कापड. ते त्याच्या नाट्यगृहातलंच, पावसाच्या प्रवेशात रंगमंचावर पसरायचं ते. काठाला पाडलेल्या भिंतीचे दगड. काठ एका पातळीत यावा म्हणून तो लेव्हल घेऊन दिवसभर पोटावर पडून होता. लाकडी पट्टी घेऊन खोली मी स्वतः मोजली. चारही बाजूंना दीड फूट. हे मुद्दाम सांगते आहे.

"पंप कुठला घ्यायचा?" मी विचारलं.

"पंप नको. पाणी हललं की चित्र मोडतं."

"मग मासे?"

"मासेही नकोत."

खर्च वाचला म्हणून मी जास्त खोलात गेले नाही. माझं चुकलं ते इथं.

बागेच्या नळीनं तळं भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला ओढत नेलं आणि स्टुलावर बसवलं. काळंभोर पाणी, आणि त्यात आमचं घर उलटं उभं. छान होतं, अगदी मान्य. मी खिडकी शोधली. ती मधोमध होती आणि तिला पिवळा पडदा होता.

आमच्या खिडकीला पडदा नाही. अकरा वर्षांपूर्वी होता, पिवळाच. विटला म्हणून कापून मी त्याची फडकी केली. मान वर करून बघितलं तर खिडकीची कोरी काच. पुन्हा पाण्यात बघितलं. पिवळा.

"ऊन पडलंय काचेवर," मी म्हणाले.

"असेल," तो म्हणाला.

ऊन तेव्हा घराच्या पुढच्या बाजूला होतं. हे मला चहा पिताना सुचलं, पण चहा झाल्यावर मी ते विसरून गेले. किंवा विसरायचं ठरवलं.

३

डास झाले नाहीत. पहिल्या पंधरवड्यात हे मी कौतुकानं सांगत होते. मग लक्षात आलं की त्या पाण्यावर एक चिलटही बसत नाही. कुंपणापाशी झाड आहे, त्याची पानं सगळ्या अंगणात पडतात, तळ्यात पडत नाहीत. पक्षी काठापर्यंत उड्या मारत येतात, मान वाकडी करून बघतात आणि तहानलेले परत जातात.

नवरा मात्र खुलला होता. सकाळी दाढी करायला लागला. गुणगुणायला लागला. एक दिवस नाश्त्याला बसताना म्हणाला, "आज बाक करायला घेतो. तू म्हणालीस ते खरंय, दोघांना बसायला काहीतरी हवं."

मी असं काही म्हणाले नव्हते. लाकूड काय भावानं पडतं हे मला पाठ आहे.

पण तो ज्या नजरेनं माझ्याकडे बघत होता, तसं त्यानं कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. हातात डबा, तोंडात घास, अशी मी उभी राहिले. आणि म्हणाले, "कर की."

फुकटचं श्रेय घेतलं मी. पुढेही घेत राहिले. "काल काय हसलीस तू!" तो म्हणायचा, आणि मी पदरचं थोडं हसून घ्यायचे. "तू विचारलंस म्हणून बरं वाटलं," म्हणायचा, आणि मी मान हलवायचे. मनात म्हणायचे, विसरत असेल, वय झालं. मग वाटायचं, मीच तर विसरत नाही ना? स्वतःची परीक्षा घ्यायला मी जुन्या पुरवठादारांचे फोन नंबर आठवून बघितले. सगळे बिनचूक आठवले.

मग तो एकदा माझा हात धरून म्हणाला, "मागच्या खोलीतल्या नाट्यगृहाला तू हो म्हणालीस, माझा अजून विश्वास बसत नाही."

मागच्या खोलीत चाळीस खुर्च्यांचं छोटं नाट्यगृह काढायचं, हे त्याचं स्वप्न. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी त्यानं त्याचा कागद माझ्यापुढे ठेवला होता. मी तो जेवता जेवता वाचला आणि लाल रेघ मारली. पूर्ण पानावर, तिरकी. त्यानंतर त्यानं तो विषय कधी काढला नाही.

"मी कधी हो म्हणाले?"

"अगं, परवाच. चहा घेताना."

"कुठं?"

त्यानं खिडकीकडे बोट केलं. म्हणजे मला वाटलं खिडकीकडे. बोट थोडं खाली होतं, अंगणाच्या दिशेनं.



४

त्या रविवारी धाकटी नणंद आली. ती शाळेत गणित शिकवते, तिला भासबिस होत नाहीत. दादाचं तळं बघायचं म्हणून ती थेट मागे गेली. मी वरच्या मजल्यावर चादरी बदलत होते. खाली उतरले तर ती नव्या बाकावर बसून पाण्याकडे बघत हात हलवत होती.

"वहिनी, केस कधी वाढवलेस गं? वेणीत किती छान दिसत होतीस. आणि मी मघापासून हात करतेय, तुझं लक्षच—"

असं म्हणत ती वळली. मी तिच्या मागे उभी होते. माझे केस गेली कित्येक वर्षं मानेवर कापलेले आहेत. तेल वाचतं, वेळ वाचतो.

नणंद माझ्या डोक्याकडे बघत राहिली. मग पाण्याकडे. मग परत माझ्याकडे.

"टोप लावला होतास का?" तिनं विचारलं. आवाज अगदी बारीक.

"मी वर होते," मी म्हणाले.

तिनं अर्धा चहा तसाच ठेवला आणि तपासायचे पेपर आठवले म्हणून निघून गेली. दारात मात्र थांबली. "वहिनी, ते बुजवून टाका," म्हणाली. भावाला भेटलीसुद्धा नाही.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी तो खिळे आणायला गेला तेव्हा मी बाकावर जाऊन बसले. स्वतःला समजावत होते: पाण्यातलं चित्र म्हणजे उजेडाचा खेळ, आणि नणंदेला चष्म्याचा नंबर बदलून हवाय.

पाणी स्वस्थ होतं. उलटं घर, उलटी खिडकी, बाजूला सारलेला पिवळा पडदा. खिडकीत बाई होती. कपबश्या विसळत होती. खांद्यावरून वेणी पुढे आलेली. ती मान मागे वळवून आतल्या कुणाशी तरी बोलत होती आणि हसत होती.

मी होते ती. चेहरा माझा, कानाखालचा तीळ माझा.

तरुण असती तर मी समजू शकले असते. पुरुषाला जुने दिवस आठवतात, बायकोचं जुनं रूप आठवतं, त्यात नवल काय? पण ती तरुण नव्हती. माझ्याच वयाची होती. वेणी पांढरी होती. डोळ्यांभोवती माझ्याइतक्याच सुरकुत्या होत्या, फक्त वेगळ्या ठिकाणी. माझ्या कपाळाला उभ्या आठ्या आहेत. तिच्या नव्हत्या.

तिनं माझं सगळं आयुष्य काढलं होतं, फक्त कुठेही लाल रेघ मारली नव्हती.

मी हात वर केला. तिनं केला नाही. तिनं शेवटची बशी पुसून ठेवली, त्या फडक्यानंच सिंकचा काठ पुसला, जसा मी पुसते, आणि आत गेली. मी मान वर करून माझ्या खिडकीकडे बघितलं. रिकामी काच, नळाचा थेंब, आणि सकाळपासून न घासलेली भांडी.

मी रडले. भीतीनं नाही, त्याचा राग येऊन. सव्वीस वर्षं याच्या कमाईला टेकू मी दिला, याचं घर चालवलं, याच्या चार रिकाम्या महिन्यांत माझ्या निवृत्तीच्या पैशांवर दोघं जेवलो. आणि हा रोज सकाळी दाढी करून माझ्याच हातचा चहा घेऊन तिच्याकडे जाऊन बसत होता. माझ्याच तोंडावर तिचे आभार मानत होता.

६

मी तळं उपसायचं ठरवलं. तो बल्ब आणायला बाहेर पडला. मागच्या खोलीत दिवे लावायचे होते, 'माझ्या' परवानगीनं. मी बागेची नळी आणली. एक टोक तळ्यात सोडलं, दुसरं उताराला भिंतीपाशी नेलं आणि पाणी चालू व्हावं म्हणून तोंडानं ओढलं.

पाणी तोंडात आलं. त्याला साबणाची चव होती. भांड्यांच्या साबणाची, मी वापरते त्याच.

मी थुंकले, पण नळी सोडली नाही. पाणी वाहायला लागलं. काठाच्या दगडावर बोटभर ओली रेघ दिसली तेव्हा मागून आवाज आला, "काय करतेयस?"

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"कोण आहे ती?" मी विचारलं.

"तूच आहेस."

"मी इथं आहे."

"हो," तो म्हणाला. "तू इथं आहेस." जणू तेच तर सगळं दुखणं होतं.

"तुझ्या सगळ्यालाच हो म्हणते, म्हणून आवडते का?"

त्यानं खरोखर विचार केला. एवढ्या वर्षांत मी काही विचारल्यावर तो असा विचार करायचा आणि मी वाट न बघता पुढचं बोलायचे. या वेळी मी थांबले.

"नाहीही म्हणते कधीकधी," तो म्हणाला. "दिव्यांना आधी नाहीच म्हणाली होती. पण मी काही बोललो की ती आधी माझ्याकडे बघते. मग उत्तर देते."

 मला तोंडात मारल्यासारखं झालं.

तो वाकला, नळीचं टोक पाण्यातून काढलं आणि नळी नीट गुंडाळून बाकावर ठेवली. बल्बची पिशवीही शेजारी ठेवली.

"चहा टाकतो," म्हणाला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे गेला. चपला काढल्याचा आवाज आला. दार उघडल्याचा आणि लागल्याचा आला.

मी घराकडे बघितलं नाही. माझाही हट्ट आहे. तळ्याकडे तोंड करून उभी राहिले. नळी निघाल्यावर पाणी थोडं हलत होतं, ते हळूहळू थांबलं.

खिडकी सुलट होती. पाण्यात घर उलटं दिसतं, हे पोरालाही कळतं. ही खिडकी सुलट होती, जशी अंगणातल्या माणसाला समोरची खिडकी दिसते तशी.

ती सिंकपाशी होती. तो मागून आला. काहीतरी म्हणाला. तिनं हातातलं काम थांबवलं, मान वर केली, त्याच्याकडे बघितलं. मग उत्तर दिलं. दोघं हसले. तिनं न मागता त्याच्या हातात टॉवेल दिला, कारण त्याचे पाय गुडघ्यापर्यंत ओले होते.

मग तो खिडकीशी आला. वाळत घातलेले कपडे आत आणायचे राहिलेत का, हे बघायला डोकावतात ना, तसं त्यानं बाहेर बघितलं. मी बाहेर होते. त्याची नजर माझ्यावरून गेली आणि थांबली नाही.

त्यानं पिवळा पडदा ओढला.

मी धावले. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. शेगडी थंड, फरशी कोरडी. पुढच्या दाराला आतून कडी. वरच्या खोल्या, अडगळ, मागची खोली, सगळीकडे हाका मारत फिरले. त्याच्या चपला दाराबाहेर शेजारी शेजारी होत्या, टोकं घराकडे.

७

मी तळ्यात उतरले, अर्थातच. पाणी गुडघ्याच्या वर आलं नाही. ओणवी होऊन दोन्ही हातांनी तळ चाचपला. रबर, त्याखाली सतरंजी, त्याखाली मुरूम. पाणी निवळायला दोन दिवस लागले आणि ते दोन दिवस मी खिडकी फुटली तर नाही ना म्हणून जीव मुठीत धरून बसले होते. मग पट्टी घेऊन मोजलं. दीड फूट.

पोलिसांनी विचारलं, भांडण झालं होतं का? मी हो म्हटलं. नणंदेनं फोनवर विचारलं, "कुणी बाई होती का, वहिनी?"

"होती," मी म्हणाले.

 ती आता येते तेव्हा पुढच्या खोलीतच बसते.

उन्हाळा लागलाय. रोज बोटभर पाणी उडून जातं. काठाचं काळं रबर उघडं पडायला लागलं की माझ्या काळजाचं पाणी होतं. हे तळं पार आटलं तर तो कुठं राहील, मला माहीत नाही. म्हणून जिला ते उपसायचं होतं, ती मी आता सकाळ-संध्याकाळ बादल्या वाहते. पाण्याचं बिल येतं ते न वाचताच भरते. पाणी हलू नये म्हणून बादली काठाला टेकवून हळूच ओतते.

माझ्या खिडकीला मी पिवळा पडदा शिवून लावला. भाव केला नाही. केसही वाढवते आहे. मागच्या खोलीत त्याचे बल्ब लावले, चाळीस खुर्च्या कुठं बसतील त्याच्या खुणा खडूनं केल्या आणि बाकावर बसून त्याला तसं सांगितलं. दोनदा सांगितलं. सांगून झालं की गप्प राहते आणि वाट बघते. वाट बघायला मी आता शिकले आहे.

पाण्यातला पडदा अजून ओढलेलाच आहे. संध्याकाळी त्याच्यामागे दिवा लागतो. कपबश्यांचा आवाज येतो, खुर्च्या सरकवल्याचा येतो, आणि कधी कधी हसण्याचा. त्याचं हसू मी ओळखते. दुसरं माझं आहे. इतकं मोकळं मी कधी हसले होते, ते आठवून बघते. आठवत नाही. मग उठते आणि आणखी एक बादली भरून आणते.